पोटमाळ्यावरचं अनयूज्ड

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि जागा रिकामी करायची तारीख आली, तेव्हा आईने आधी पोटमाळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. नजर दोन्ही वेळेला तीच होती. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, अंधेरीला एका विमा कंपनीत नोकरी करते आणि माझं लग्न झालेलं नाही. पोटमाळ्यावर जे काही होतं, ते सगळं माझ्या लग्नासाठी होतं.

मुलीच्या लग्नात हॉलच्या एका बाजूला रुखवताचं टेबल मांडतात. त्या टेबलासाठी आईने मी कॉलेजात असल्यापासून वस्तू जमवायला घेतल्या होत्या. एकात एक बसणारे स्टीलचे सात डबे. मिक्सर. इस्त्री. चादरींचे जोड, ज्यांच्यावरची फुलं आता कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत. आणि सगळ्यांत आत, भिंतीला लागून, एक्कावन्न नगांचा बोनचायनाचा डिनर सेट. पांढरा, काठाला बारीक निळी वेल. तो तिने मी चोवीस वर्षांची असताना आणला, पहिलं स्थळ सांगून आलं त्याच आठवड्यात. दुकानातून घरी येईपर्यंत ती खोका मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याआधी रिक्षावाल्याला सूचना देत होती.

घरात नियम असा की वरचं ते वरचं. खालच्या मिक्सरचं भांडं गळायला लागलं, मग पातं बोथट झालं, मग तो चटणी वाटायच्या ऐवजी नुसता ओरडायला लागला, तरी वरच्याला हात लावायचा नाही. "ते तिच्या वेळेचं आहे," आई म्हणायची. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. खालचा मिक्सर एकदाचा बंद पडला तेव्हा ते म्हणाले, "वरच्याची वाट बघत खालचा गेला." आईने दुसऱ्या दिवशी बाजारातून आणखी एक नवा मिक्सर आणला. वरचा वरच राहिला.

मला बघायला जे आले त्यांनाही हाच नियम. नऊ वेळा आमच्याकडे कांदेपोहे झाले आणि नऊही वेळा ते जुन्या काचेच्या बश्यांतून दिले गेले. त्यांतल्या एका बशीचा टवका उडालेला होता, ती मी दर वेळी मुलाच्या काकांसमोर ठेवायचे. एकदा मी विचारलं की निदान आजच्यापुरता तो सेट काढू या का, तर आई म्हणाली, "ठरलं की काढू. जावयाचं पहिलं जेवण त्यात." ठरलं नाही. कधी त्यांनी नको म्हटलं, कधी मी, आणि पस्तिशीनंतर कोणी विचारेनासं झालं. मला त्याचं फार दुःख झालं असं मी म्हणणार नाही. माझे रविवार मोकळे झाले.

तर आता नवी बिल्डिंग होईपर्यंत आईबाबांना जवळच एक बेडरूमची भाड्याची जागा मिळाली. तिथे पोटमाळाच नव्हता. तिथे तिसरं माणूस कोंबण्यापेक्षा मी ऑफिसजवळ अंधेरीला माझी वेगळी जागा घ्यायचं ठरवलं. भाड्याची, लहानशी. आईला हे सांगितलं तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.

"सोय झाली म्हण की," ती म्हणाली.

"सोय काय गं, घर आहे ते. किचन आहे, बाल्कनी आहे."

"एकटीची सोयच असते. संसार वेगळा." तिने एक शेंग फोडली, दाणे बघितले, खवट निघाला तो बाजूला टाकला. "मग वरचं आता कोणासाठी ठेवायचं? विकून टाकू."

इथे मी खरं सांगून टाकते. मला तो सेट हवा होता. एकोणीस वर्षं मी त्याचा खोका नवरात्राआधीच्या साफसफाईला खाली घेत होते, पुसत होते आणि परत वर ठेवत होते. पण जे लग्नासाठी ठेवलंय ते लग्न न करता कोणत्या तोंडाने मागायचं? तिने आपणहून म्हणावं, घे, तुझ्या घराला लागेल, एवढंच मला हवं होतं. ती तो परक्याला विकायला तयार होती पण मला देणार नव्हती, कारण तिच्या मते माझ्याकडे तो ठेवण्यासारखं घरच नव्हतं. मला राग आला. रागाच्या भरात मी म्हटलं, "विकू. जाहिराती मी लिहिते."

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या बायकांचा फोनवर एक देवघेवीचा ग्रुप आहे. त्याच्यावर सगळ्या एकच शब्द लिहितात: अनयूज्ड. आईने मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, न वापरलेलं. तिला तो फारच आवडला. आजवर तिच्या त्या सगळ्या सामानाला नाव नव्हतं. नवं म्हणावं तर डबे मिक्सरपेक्षा जुने, मिक्सर चादरींपेक्षा जुना, आणि त्याच्या खोक्यावरचा फोन नंबर अजून सात आकडी. कोरं म्हणावं तर ते साडीला आणि कागदाला शोभतं, इस्त्रीला नाही. अनयूज्ड म्हटलं की वयाचा प्रश्नच येत नाही. मलाही हा शब्द अपरिचित नव्हता. दर मार्चला ऑफिसकडून मला एक मेल येते की तुमच्या इतक्या रजा अनयूज्ड आहेत, न घेतल्यास वाया जातील. मी ती मेल दर वर्षी वाचते आणि कामाला लागते.

पण हा शब्द लोक कसा वापरतात ते आईने वाचलं आणि तिचं डोकं फिरलं. एकीने व्यायामाची सायकल टाकली होती, अनयूज्ड, आणि फोटोत तिच्या हँडलवर टॉवेल वाळत होता. दुसरीने नवऱ्याचे बूट टाकले होते, अनयूज्ड, फक्त दोन लग्नांत घातलेले. "दोन लग्नं म्हणजे काय थोडं झालं का?" आई मला विचारत होती, जणू बूट माझे होते. तिने ठरवलं की आपल्या जाहिरातीत हा शब्द असेल आणि तो शंभर टक्के खरा असेल. हे ती कोर्टात सांगावं तशा आवाजात म्हणाली.

सगळ्यांत आधी वरचा मिक्सर गेला. म्हणजे जाणार होता. भांडुपहून एक तरुण आला, नुकतंच घर घेतलेला, बोलायला सरळ. मी खोका उघडला. मिक्सर चकचकीत होता, वायरची गुंडाळी कारखान्यातून आली तशीच, आणि पुढच्या बाजूला हळदीकुंकवाचा पोपडा होता, चांगला बोटभर जाड. आई दर दसऱ्याला त्याला खाली काढून पूजा करायची, फूल वाहायची आणि परत खोक्यात ठेवायची. दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा होते, आणि हेही एक यंत्रच.

"काकू, तुम्ही तर अनयूज्ड म्हणालात," तो म्हणाला.

"मग? एक शेंगदाणा फिरवलेला नाही त्यात."

"पण पूजा केलीय ना. माझी आई म्हणेल, पहिली पूजा आपली पायजे. दुसऱ्याची पूजा झाली म्हणजे वापरलाच की तो."

मी वाट बघत होते की आई आता त्याला झाडते. पण तिने चष्मा लावून कुंकवाकडे पाहिलं. तिला पटलं होतं, आणि पटल्याचा तिला त्रास होत होता. "बरोबर आहे तुझ्या आईचं," ती म्हणाली. "आधी माझ्या लक्षात आलं नाही." त्याला तिने चहा दिला, बरोबर चिवड्याची पुडी बांधून दिली आणि मिक्सर न देता परत पाठवलं. संध्याकाळी मला जाहिरातीतून मिक्सरचा फोटो काढायला लावला. बाबा म्हणाले, "ह्या हिशेबाने आपल्या देवघरातले देव सेकंडहँड झाले."

डबे त्यापेक्षा सुरळीत गेले. बोरिवलीच्या एक बाई दोन रिक्षा बदलून आल्या आणि सातही घेऊन गेल्या. त्या गेल्यावर तासाभराने आई भाजी निवडता निवडता थांबली. तिला आठवलं की सगळ्यांत मोठा डबा एकदा वापरला होता. खूप वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर बारसं होतं, तेव्हा त्यातून लाडू पाठवले होते.

"जाऊ दे ना आई. धुतला होतास ना?"

"धुतल्याने न वापरलेला होतो का? फोन लाव."

मी लावला. ऑफिसात मी लोकांच्या दाव्यांचे कागद तपासते, नको नको त्या गोष्टी फोनवर विचारते, पण एका अनोळखी बाईला वीस वर्षांपूर्वीच्या लाडवांबद्दल कबुली देताना माझी जीभ अडखळली. त्या बाई आधी घाबरल्या, त्यांना वाटलं आम्ही डबे परत मागतोय. मग खूप हसल्या. आई माझ्या कानाशी कान लावून उभी होती. "काय म्हणाल्या?" "म्हणाल्या लाडू कसले होते." "बेसनाचे सांग," आई म्हणाली, आणि मगच तिचा चेहरा निवळला.

त्या दिवसांत मी तिला म्हटलं की तुझे नियम तुझ्याच साड्यांना लागू नाहीत. आमच्यात नवी साडी स्वतः आधी नेसत नाहीत, दुसऱ्या कोणाकडून तरी घडी मोडून घेतात. आई, दोन्ही मावश्या, खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांच्या नव्या साड्यांची घडी मी मोडलेली आहे. माझा हात चांगला आहे म्हणे, मी नेसले की साडी टिकते. इतक्या साड्या मी दुसऱ्यांसाठी दिवसभर नेसून, घामाघूम होऊन परत दिल्यात की मलाच आठवत नाहीत. "म्हणजे तुझी प्रत्येक नवी साडी आधी मी वापरलेली आहे," मी म्हटलं.

"तू घरची," आई म्हणाली. "घरच्याने घडी मोडली तर ती चांगलीच."

मग सेटची पाळी आली. जाहिरात लिहायला मी बसले आणि मला सुचेना. फोटोसाठी आईने खोक्याचं झाकण जेमतेम वर केलं, पेंढा थोडा बाजूला केला आणि एक ताटली अर्धी बाहेर दिसेल अशी ठेवली. पूर्ण बाहेर काढू दिली नाही. मी लिहिलं: बोनचायना डिनर सेट, एक्कावन्न नग, अनयूज्ड. त्याखाली कारण लिहायची पद्धत आहे, कोणी परदेशी चाललंय, कोणाचं घर लहान झालंय. मी ती ओळ रिकामी ठेवली.

पंधरा मिनिटांत घाटकोपरच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि रुखवतात मांडायला त्यांना असाच सेट हवा होता, जुन्या पद्धतीचा, पण वापरलेला अजिबात नको. आईने फोन माझ्या हातातून घेतला. अर्धा तास दोघी बोलत होत्या, रुखवतात काय मांडायचं, हॉल कुठला, मुलगा काय करतो. "अगदी अनयूज्ड आहे हो," आई सांगत होती. "माझ्या मुलीसाठी घेतला होता." समोरून काहीतरी विचारलं गेलं असावं. आई म्हणाली, "नाही, तिला नाही लागला."

मी बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढले. जे ओले होते तेसुद्धा काढले.

ठरलं की त्या बाई रविवारी अकरा वाजता येऊन सेट घेऊन जातील. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आईबाबा माझी अंधेरीची जागा बघायला आले. किल्ली मला मिळाली होती आणि थोडं सामान मी नेऊन ठेवलं होतं. बाबांनी सगळे नळ सोडून पाहिले आणि बाल्कनीत जाऊन "वारा आहे" असा शेरा दिला. आई थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे एक गॅस होता, एक पातेलं, एक स्टीलचं ताट, एक वाटी, एक पेला.

"दूध उतू घातलंस का?" नव्या घरात शिरताना पहिल्यांदा शेगडीवर दूध उतू घालतात, त्याबद्दल ती विचारत होती.

"पावडरचं दूध आहे गं. ते उतू जात नाही."

तिने माझं एकुलतं एक ताट उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, परत ठेवलं. "आणि कोणी आलं तर?"

"कोण येणारे?"

"आम्ही आलोय की."

मी कपाटातून कागदाच्या डिशांचं पाकीट काढलं आणि त्यांना त्यात बिस्किटं दिली. मी हे मुद्दाम केलं. घरात दुसरं काही नव्हतंही, पण मी पाकीट तिच्या डोळ्यांसमोर फोडलं ते मुद्दाम. आईने डिश हातात घेतली. ती मधोमध वाकली आणि बिस्किटं एका बाजूला घसरली, ती तिने अंगठ्याने धरून ठेवली. निघताना दारात उभं राहून तिने एकदा आतल्या भिंती पाहिल्या. मुलुंडला परतताना घाटकोपरपर्यंत मेट्रोत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी ठरवलं की ह्या बाईला पाझर फुटणार नाही, आणि सोमवारी ऑफिसच्या खालच्या दुकानातून सहा ताटल्या घ्यायच्या, मिळतील त्या.

रविवारी मला जाग आली ती फोडणीच्या वासाने. बाहेर आले तर जमिनीवर पेंढा पसरलेला. सगळा. खोका रिकामा भिंतीशी उभा आणि ओट्यावर फडक्यावर पालथ्या घातलेल्या ताटल्या, बश्या, वाट्या, झाकणाचं मोठं भांडं, धुऊन निथळत असलेले अठ्ठेचाळीस नग. इतका पांढरा रंग आमच्या स्वयंपाकघरात कधी नव्हता. उरलेल्या तीन ताटल्या टेबलावर होत्या, तिन्हींत कांदेपोहे, वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड. बाबा आपल्या ताटलीसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

"मला हात लावू देत नाहीये," ते म्हणाले. "वीस मिनिटं झाली. गार झाले पोहे."

"आई, अकराला त्या बाई येणारेत," मी म्हटलं.

"म्हणून तर पहाटे उठले." ती ओट्याशी उभी होती, पदराला हात पुसत. "बस. घडी मोड."

मला काही कळेना, म्हणजे कळलं होतं पण विश्वास बसेना. "अगं, पण तू तर म्हणत होतीस..."

"काय म्हणत होते ते माहितीये मला. तुझ्या घरी कोणी आलं की कागदाच्या डिशा पुढे करायच्या नाहीत. परत मी आले तर मला असली वाकणारी डिश चालणार नाही." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "पॅकिंग मी करून देईन. तू फोडशील."

मी बसले. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पोह्यांवर लिंबू पिळलं, गरजेपेक्षा बरंच जास्त. पहिला घास आंबट होता. निळी वेल ताटलीच्या सबंध काठाने फिरली होती, एका ठिकाणी दोन्ही टोकं जुळत नव्हती, तिथे रंगवणाऱ्याचा हात चुकला होता. एकोणीस वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं. बाबांनी चमचा उचलला, आईकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि मग ते भराभर खायला लागले. आई सगळ्यांत शेवटी बसली. तिने ताटलीला आधी नमस्कार केला.

"चांगले झालेत," मी म्हटलं.

"नऊ वेळा केले ते ह्याहून चांगले होते," ती म्हणाली. "तेव्हा शेंगदाणे घातले होते. आता खा आणि त्या बाईंना फोन कर, उगाच निघतील बिचाऱ्या. खरं काय ते सांग. आणि चादरी अजून आहेत म्हणावं, त्यांना खरंच कोणी शिवलेलं नाही."

मी हात धुऊन फोन लावला. म्हटलं, माफ करा, पण सेट वापरलेला आहे, तुम्हाला चालणार नाही. मग त्या बाई जरा चिडूनच म्हणाल्या, "अहो, पण तुम्हीच अनयूज्ड लिहिलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "आज सकाळी साडेआठपर्यंत होता."